गणू धुरीचे शुक्रवार

गणू धुरीला अबू धाबीत येऊन नऊ वर्षं झाली होती, पण शहर म्हणाल तर त्याने बसच्या खिडकीतूनच पाहिलेलं. शहराबाहेर, मुसफ्फाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डर होता. पाण्याच्या टाक्या, लोखंडी जिने, गोदामांची फाटकं असलं काम. वर्कशॉपपासून पाच मिनिटांवर कॅम्प, कॅम्पच्या खोलीत आठ माणसं, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर कंपनीची बस शहरात सोडायची आणि अंधार पडताना परत आणायची. गणू त्या बसने क्वचितच जाई. शहरात उतरून करायचं काय, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. तो कपडे धुवायचा, घरी पत्र लिहायचा आणि डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहायचा. वेल्डिंगने त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं.

१९९६ च्या डिसेंबरात गुणवंत सबनीस त्याच्याकडे आले. सबनीस साहेब पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत इंजिनियर. टाक्यांच्या इन्स्पेक्शनला महिन्यातून दोनदा वर्कशॉपमध्ये येत आणि गणूशी मराठीतून दोन शब्द बोलून जात. त्या दिवशी ते थांबले, आडबाजूला घेऊन म्हणाले, "गणू, एक विचारायचं होतं. मृणालिनीला, म्हणजे माझ्या मिसेसला, जानेवारीत ड्यू आहे. तिच्या आईचे गुडघे गेलेत, त्यांना येणं शक्य नाही. तुझी मिसेस येईल का दोन-तीन महिने? व्हिजिट व्हिसाचं, तिकिटाचं मी बघतो."

"मिसेस" म्हणजे रंभा हे गणूच्या ध्यानात यायला अंमळ वेळ लागला. आल्यावर तो फक्त "साहेब, ती विमानात कशी बसेल?" एवढंच बोलला.

"तू बसलास तशीच," साहेब हसून म्हणाले.

रंभा कुडाळच्या पुढच्या एका गावात राहत होती. सासू आणि दोन मुलं, नऊ वर्षांची ममता आणि सहा वर्षांचा विघ्नेश. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. गणूला दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी मिळायची. एकदा कॅम्पमध्ये झोप लागत नव्हती म्हणून त्याने लग्नापासून आपण दोघं किती दिवस एका छपराखाली होतो ते आठवून पाहिलं होतं. तीन वर्षं भरत होती की नव्हती, यावर त्याचाच त्याच्याशी वाद झाला.

रंभा आली ती मंगळवारी. फोरमनने सुट्टी दिली नाही. शुक्रवारी गणूने इस्त्रीचा शर्ट घातला, बसमधून शहरात उतरला, आणि साहेबांनी कागदावर लिहून दिलेला पत्ता तीन माणसांना दाखवत मुरूर रोडच्या मागच्या गल्लीत पोचला. सातव्या मजल्यावरचं दार साहेबांनी उघडलं. गणू सोफ्याच्या कडेवर बसला. मृणालिनीताईंनी अवघडलेल्या चालीने येऊन "कसे आहात?" विचारलं. साहेबांची सहा वर्षांची ईशानी टीव्हीवरून नजर न काढता "हाय" म्हणाली. आणि स्वयंपाकघराच्या दारात रंभा उभी होती. तिने नवी चप्पल घातली होती, घरात. गणूला वाटलं, तिला सांगावं की घरात चप्पल घालू नये. मग दिसलं की ताईंच्याही पायात चप्पल आहे.

"बरी असंस?" त्याने विचारलं.

"बरी असंय," ती म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.

चहा झाला. साहेबांनी वर्कशॉपबद्दल विचारलं, गणूने उत्तर दिलं. रंभा पुन्हा दारात येऊन उभी राहिली. शेवटी मृणालिनीताईच म्हणाल्या, "अहो, असे काय बसलात? रंभाताई, तुम्ही दोघं खाली पार्कमध्ये जा ना. छान शांत आहे. मी रोज चालायला जाते."

साहेबांच्या इमारतीमागे दोन रस्ते सोडून ते पार्क होतं. लहानसं, चहूबाजूंनी डोक्यापर्यंत उंच हिरवं लोखंडी कुंपण, त्याला चिकटून दाट झुडपं, आत गवत, दहा-बारा खजुरीची झाडं, घसरगुंडी आणि वाळूचा चौकोन. गवताला पाजलेल्या पाण्याचा किंचित उग्र वास येत होता. फाटकाशी खुर्ची टाकून एक वॉचमन बसला होता, खैरुद्दीन नावाचा बांगलादेशी.

"ओन्ली फॅमिली," खैरुद्दीन गणूला म्हणाला. एकट्या माणसांना तो याच दोन शब्दांनी परत पाठवत असे.

"ये फॅमिली है," गणू रंभाकडे बोट दाखवून म्हणाला.

"बच्चा किधर?"

"गाव में."

खैरुद्दीनने दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. नवरा-बायको एकमेकांपासून चार हातांवर उभे होते. त्याला काय पटलं कोण जाणे, त्याने मान हलवली.

ते एका बाकड्यावर बसले. मध्ये रंभाची पिशवी. गणूला घाम फुटला होता. त्याने कधी दिवसाउजेडी, लोकांच्या देखत, रंभाजवळ बसून गप्पा मारल्या नव्हत्या. गावात कोण बसतं? तिथे ती अंगणात नाहीतर चुलीकडे, तो ओटीवर, मध्ये आई आणि येणारी-जाणारी. बोलणं व्हायचं ते रात्री, दबक्या आवाजात, आणि तेही घराच्या कौलांबद्दल.

"गाय व्याली काय?" त्याने विचारलं.

"पाडी झाली."

"आणि बावीक पाणी?" त्याने विहिरीचं विचारलं.

"असा."

एवढ्यावर त्याच्याजवळचे प्रश्न संपले. समोर एक मूल घसरगुंडीवरून घसरून पुन्हा जिना चढत होतं. गणू कुंपणाचे जोड बघत बसला. जोड कच्चे होते, कोणीतरी घाईत मारलेले. ते रंभाला सांगावं असं त्याला वाटलं. पण बायकोला वेल्डिंगबद्दल काय सांगायचं, असाही विचार आला, आणि त्या विचारांतच सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली. बस चुकेल म्हणून तो उठला. परतताना बसमध्ये शेजारच्याने विचारलं, "क्या हुआ, मिली बीवी?" गणूने "हां" म्हटलं. पण भेटली म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याला कॅम्पपर्यंत सांगता आलं नसतं.

दुसऱ्या शुक्रवारी ती त्याच्या आधी फाटकाशी उभी होती. हातात थर्मास, बरोबर ईशानी. ताईंना मुलगा झाला होता, वेदांग, आणि थोरलीला तासभर बाहेर नेण्याचं काम रंभाकडे आलं होतं. खैरुद्दीनने तिला पाहून "सलाम, दीदी" म्हटलं आणि गणूला पुन्हा "ओन्ली फॅमिली" म्हटलं. "अरे, हमारा आदमी है, पिछली बार आया नहीं क्या?" रंभा फटकन म्हणाली. गणूने तिला हिंदी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. वाक्य मोडकंतोडकं होतं, पण आवाज ठाम होता, गावात कोळणीशी माशाच्या वाट्यावरून बोलताना असायचा तसा.

बाकड्यावर तिने चहा ओतला आणि विचारायला सुरुवात केली.

"ता थंय मोठ्या बोर्डार काय लिवलेला असा?"

"माका ठावक नाय."

"आणि तो समोर घुमट दिसता ती मशीद जुनी की नवी?"

"ठावक नाय गो."

"समुद्र हयसून किती लांब?"

गणूने डोकं खाजवलं. नऊ वर्षांत तो समुद्रावर दोनदा गेला होता, दोन्ही वेळा ट्रकमधून, टाकी उतरवायला.

"चालत अर्धो तास," रंभानेच सांगितलं. "मी बुधवारी गेललंय, मैमुनाबीवांगडा."

"कोण मैमुनाबी?"

मैमुनाबी ही रत्नागिरीकडची म्हातारी. मुलगा इथे बँकेत. सून नोकरीला जायची, म्हातारी नातवाला घेऊन रोज पार्कात. रंभाला बघताक्षणी तिने ओळखलं होतं, म्हणे, की ही आपल्या किनाऱ्याची. भाजी कुठे घ्यायची, रस्ता कुठून ओलांडायचा, लिफ्टमध्ये अडकलं तर कुठलं बटण दाबायचं, हे सगळं तिने रंभाला दहा दिवसांत शिकवलं होतं. रंभा सांगत होती आणि मध्येच वाळूत खेळणाऱ्या ईशानीला हाक मारत होती, "यल्ला, ईशू, पाणी पी!" ईशानी म्हणत होती, "नॉट नाऊ, आंटी."

गणू ऐकत होता. पैसे पाठवायचे, पत्रं लिहायची, सुट्टीत जायचं, ती सगळी वर्षं त्याच्या मनातली रंभा घराच्या मागच्या दारी उभी असायची. ही बाकड्यावरची बाई कोण, हे त्याला कळेना. वाईट वाटत नव्हतं. उलट तिच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं. आणि तसं वाटण्याचीच त्याला लाज वाटत होती, जणू ती दुसऱ्याची बायको होती.

तिसऱ्या, चौथ्या शुक्रवारीही हेच. तो पोचायचा, ती बोलायची, तो ऐकायचा. एकदा त्याने धीर करून कुंपणाच्या जोडांबद्दल सांगितलं. रंभा उठून कुंपणापाशी गेली, जोडावर बोट फिरवून आली आणि म्हणाली, "तुमचो जोड कसो असता?" त्याने हातांनी दाखवून सांगितलं. पुढचा अर्धा तास तोच बोलत होता. नंतर त्याला आश्चर्य वाटत राहिलं की आपल्याजवळ इतके शब्द होते.

पाचव्या शुक्रवारी घोटाळा झाला.

बस वाटेत पंक्चर झाली. गणू पोचला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. फाटकावर नवीन पाटी लावली होती आणि खैरुद्दीन खुर्चीतून उठून हात आडवा करून उभा होता.

"आज से लेडीज और बच्चा लोग. आदमी नहीं."

"मैं तो फॅमिली है."

"फॅमिली भी नहीं. लेडीज ओन्ली."

"लेकिन मेरी लेडीज अंदर है!"

"लेडीज अंदर ठीक है. तुम बाहर."

एकट्या माणसाला आत सोडत नव्हते, ते त्याला समजत होतं. आता बायको असूनही सोडत नव्हते. गणूने पाटीकडे पाहिलं. वर अरबी, खाली इंग्रजी, त्याला दोन्ही सारखीच. रंभा आत असेल, तिला निदान सांगावं की मी आलोय, म्हणून तो कुंपणाच्या कडेने चालू लागला. झुडपं दाट. जिथे फट सापडेल तिथे वाकून तो आत बघायचा. रंभाने हिरवं लुगडं नेसलेलं असेल की निळं, हे त्याला आठवेना. एका फटीतून घसरगुंडी दिसली, दुसरीतून काळे बुरखे, तिसरीतून एका बाळगाडीचं चाक. तो कोपरा वळला, पुन्हा वळला. मागच्या बाजूला झुडपं जरा विरळ होती. तिथे तो कुंपणाचे गज धरून, कपाळ टेकवून, डोळे बारीक करून उभा राहिला. डोळ्यांतून नेहमीप्रमाणे पाणी येत होतं.

"कोण मेलो तो डोळे लावून रवलो असा?" आतून एक म्हातारा आवाज कडाडला. मग तोच आवाज हिंदीत, "वॉचमन! वॉचमन! इधर आदमी झाँकता है!"

बायका उठल्या. मुलं रडायला लागली. खैरुद्दीन धावत आला आणि त्याने गणूचा दंड पकडला. गणू म्हणत राहिला, "मेरी बीवी, मेरी बीवी." रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे थांबले. तेवढ्यात कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी आली. रोजच्या फेरीवर असावी. एक तरुण पोलीस उतरला आणि त्याने शांतपणे हात पुढे केला. "बताका." ओळखपत्र.

गणूने खिसे चाचपले. शर्ट इस्त्रीचा घातला होता. कार्ड कामाच्या शर्टात राहिलं होतं. गाडीत घालतील, कंपनीला फोन करतील, फोरमन काय म्हणेल, गावात काय कळेल: बायकांच्या बागेत डोकावताना पकडला. आणि बायको, तीही याच शहरात.

"ओ! ओ, इधर!"

रंभा रस्त्याच्या पलीकडून येत होती, एका हातात ईशानीचा हात, दुसऱ्यात थर्मास. लुगडं निळंही नव्हतं, हिरवंही नव्हतं. मृणालिनीताईंचा जुना पिवळा पंजाबी ड्रेस तिने घातला होता. गणूने तिला आधी ओळखलंच नाही. ती थेट पोलिसापुढे येऊन उभी राहिली.

"हादा मेरा आदमी," ती गणूच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली. "मैं उधर बस का रस्ता पे देखती, ये इधर देखता. हम दोनों पागल. खलास!"

पोलिसाने ईशानीकडे पाहिलं. ईशानी म्हणाली, "ही इज हर हजबंड. ही जस्ट गॉट लॉस्ट."

पोलीस हसला. त्याने गणूच्या खांद्यावर थाप मारली, अरबीत काहीतरी म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. कुंपणाच्या आतून तोच म्हातारा आवाज आता हळू झाला होता: "अगो रंभा, ह्यो तुझो घोव? सांगायचां नाय आधी! माझां आपलां उगीच..." ती मैमुनाबी होती. शुक्रवारी ती एरवी घरी असायची, गणूला तिने कधी पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं की रंभा चारलाच पार्कात आली होती. ईशानीने पाटी वाचून सांगितलं तेव्हा तिला कळलं की नवऱ्याला आत घेणार नाहीत. मग ती मागच्या लहान फाटकातून बाहेर पडून बसच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. बस पंक्चर, गणू टॅक्सीतून दुसऱ्या बाजूने आला. अर्धा तास ती त्याला एका रस्त्यावर शोधत होती आणि तो तिला कुंपणाच्या फटींतून.

दोघं बाहेरच्या फरसबंदीच्या कडेवर बसले. रंभाने चहा ओतून कप त्याच्या हातात दिला, आणि त्याच्या हातून सांडतोय असं बघून स्वतःच धरून ठेवला. भर रस्त्यात. त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणी बघत नव्हतं.

"तुका भीती नाय वाटली पोलिसाची?" त्याने विचारलं.

"वाटली. पण तुमका बघून जास्त वाटली." मग ती म्हणाली, "एक सांगूचा होता. ताई म्हणतत, हयच रव. दोन-चार वर्सां. पक्को व्हिसा करतत. बाळाक माझी सवय झाली, म्हणतत."

गणूने कप तिच्या हातून घेऊन खाली ठेवला.

"तुमका काय वाटता?" तिने विचारलं.

हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नव्हता. अबू धाबीला जायचं हे वडिलांनी ठरवलं, लग्न मामाने, कुठली टाकी आधी करायची ते फोरमन. त्याने आत बघायचा प्रयत्न केला, म्हणजे स्वतःला काय वाटतंय ते. पण आत, मघाच्या झुडपांसारखं, फटीफटीतून तुकडेच दिसत होते. बायको इथे राहिली तर दर शुक्रवारी भेटेल. मुलं तिथे आईपाशी, आणि आई म्हातारी. विघ्नेश गेल्या सुट्टीत त्याला पाहून घराच्या मागे पळाला होता, आणि ओळख होईपर्यंत सुट्टी संपली होती. रंभा इथे राहिली तर मुलांना दोघंही नाहीत. रंभा गेली तर पुन्हा पत्रं, पुन्हा कौलं, पुन्हा मागचं दार.

"माका काय वाटतला?" तो म्हणाला.

"म्हणान तर इचारतंय."

"फुडच्या शुक्रवारी सांगतंय."

तो आठवडा त्याचं कामात लक्ष नव्हतं. एका जिन्याची पायरी त्याने उलटी जोडली, आणि फोरमनच्या शिव्या खाऊन पुन्हा कापली. खोलीतल्यांनी ज्याचं त्याचं मत दिलं. एक म्हणाला, दोन पगार, नशीब उघडलं. एक म्हणाला, बाई परदेशात एकटी ठेवायची नसते. तिसरा म्हणाला, एकटी कुठे, हा आहे ना. गणूला तिघांचंही पटत होतं. रात्री तो "रव" असं ठरवून झोपायचा आणि सकाळी उठल्यावर "जा" असं ठरलेलं असायचं.

पुढच्या शुक्रवारी फाटकावरची पाटी गायब होती. खैरुद्दीन गणूला बघून लाजल्यासारखा हसला. "अभी फिर फॅमिली. ऊपर से ऑर्डर." गणूने काही विचारलं नाही. आत गेला. रंभा बाकड्यावर होती, या वेळी मध्ये पिशवी नव्हती. मैमुनाबी लांबच्या बाकड्यावर बसली होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"मगे?" रंभाने विचारलं.

"तू रव," गणू म्हणाला. आणि तोंडातून पुढचं निघालं, जे त्याने त्या आठ दिवसांत एकदाही ठरवलं नव्हतं: "मी जातंय."

"खंय?"

"घराक. पोरांकडे."

रंभाने त्याच्याकडे असं पाहिलं, की याला ऊन लागलं की काय. "तुमी? आणि हयचा काम?"

"डोळे जातत माझे. आज ना उद्या कामावरसून काढतीलच. तुका हय बरां वाटता ना?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "वाटता. तेचीच माका भीती वाटता." आणि तिला एकदम रडू आलं. ओढणी तोंडाला लावून ती रडली, आणि गणूला कळेना की नवऱ्याने अशा वेळी पार्कात काय करायचं असतं. त्याने रुमाल काढला, डोळ्यांवर ठेवायचा तोच, आणि तिच्या मांडीवर ठेवला. "नको तर नको म्हण," तो म्हणाला. "मी काय, अजून ठरवक नाय." ती रडता रडता हसली. "आता बोललात ना," ती म्हणाली. "आता तसाच रवांदे."

मे महिन्यात गणूने नोकरी सोडली. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" त्याने दोन्हीदा "हो साहेब" म्हटलं, आणि दोन्ही वेळा त्याला आतून वाटलं की आपण खोटं बोलतोय. निघण्याआधीच्या शुक्रवारी दोघं समुद्रावर गेले, चालत, अर्धा तास. वाट रंभाला माहीत होती.

गावात पहिले सहा महिने वाईट गेले. भात एकतर करपायचा नाहीतर गिचका व्हायचा. आई म्हणायची, "पुरुषान चुलीकडे बसाचा नसता," आणि स्वतःला तर उठवत नव्हतं. गावकरी विचारायचे, "मगे, कधी जातंस परत?" "बायको खंय?" असंही विचारायचे, उत्तर ठाऊक असून. गणू सांगायचा, "अबू धाबीक." "आणि तू?" "मी हय." यावर समोरचा पावसाबद्दल बोलायला लागायचा. विघ्नेश पहिले काही दिवस त्याला काहीच म्हणत नसे, हाकच मारत नसे. एका संध्याकाळी शाळेतून परतताना तो म्हणाला, "बाबा, माझा दप्तर धर." एवढंच. गणूने दप्तर धरलं आणि घरापर्यंत खाली ठेवलं नाही.

रंभा दोन वर्षांनी सुट्टीवर आली, तिच्या पिशवीत प्रत्येकासाठी काहीतरी होतं. एका रात्री तिने विचारलं, "त्या दिवशी पार्कात 'मी जातंय' असा कित्याक म्हटलात?" गणूने खूप विचार केला. "माका अजून कळाक नाय," तो म्हणाला. ती आणखी काही म्हणेल असं त्याला वाटलं, पण ती झोपली होती.

ती कायमची परतली २००७ साली, ममताच्या लग्नाआधी. त्याआधीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली.

२००१ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली. शाळेतल्या साधनाबाई कागदांचा गठ्ठा घेऊन घरोघर फिरत होत्या. दुपारी त्या धुरींच्या घरी आल्या. गणू चुलीपुढे होता, सोलकढीसाठी नारळ खवत. हात धुऊन तो ओटीवर आला.

"कुटुंबप्रमुख?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"घरचं कर्तं माणूस. ज्याच्यावर घर चालतं."

गणूने ओले हात पुसले. आई आतल्या खोलीत खोकत होती. "घर चालता ता रंभावर," तो म्हणाला. "पण ती हय नाय."

"मग तिला धरता येत नाही. तुमचंच नाव लिहिते." बाईंनी लिहिलं. "तुमचा व्यवसाय?"

"वेल्डर होतंय."

"आता?"

गणूने स्वयंपाकघराकडे पाहिलं. खोबऱ्याची अर्धी वाटी अजून खवायची होती. भाजीला फोडणी द्यायची होती, आणि चार वाजता विघ्नेश येईल तेव्हा त्याचं गणित बघायचं होतं. ते त्याला येत नव्हतं, पण शेजारी बसावं लागे.

"हेका तुमच्या कागदार काय म्हणतत?" त्याने हात स्वयंपाकघराच्या दिशेने करून विचारलं.

साधनाबाईंनी यादीवरून पेन फिरवलं. त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. "घरकाम आहे इथे. पण पुरुषाच्या नावापुढे मी अजून कधी लिहिलेलं नाही. वेल्डरच लिहू का?"

आतून फोडणीचं तेल तापल्याचा वास आला तसा गणू घाईने उठला.

"लिवा तुमका वाटात ता," तो आत जाता जाता म्हणाला, "माझा तेल जळात."

बाईंनी यादीवरून पुन्हा एकदा पेन फिरवलं. मग त्यांनी काहीतरी लिहिलं, कागद उलटला आणि पुढच्या घरी गेल्या. त्यांनी काय लिहिलं ते गणूला कधी कळलं नाही.